बंद होतं, चालू केलं

डिसेंबरातल्या एका शनिवारी तालुक्याच्या गावी विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून गेले होते. निवृत्त झालेल्या पदार्थविज्ञानाच्या बाईंना अशा कामांसाठी हौसेने बोलावतात. नारळ, शाल, गुलाबाचं एक मिटलेलं फूल आणि हातात गुणपत्रिका. विषय होता ‘हरित ऊर्जा’. नेमकी त्या दिवशी लाईट नव्हती, त्यामुळे हरित ऊर्जेचं सगळं प्रदर्शन शाळेमागे धडधडणाऱ्या डिझेलच्या जनरेटरवर चाललं होतं. मधूनच वारा फिरला की धुराचा भपका हॉलमध्ये शिरायचा आणि थर्मोकोल-फेव्हिकॉलच्या वासात मिसळून जायचा. कुणाला त्यात काही खटकत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा गंमतच वाटली.

हॉलच्या टोकाला, पाण्याच्या पिंपाशेजारी, नववीतला एक मुलगा उभा होता. त्याच्या टेबलावर मॉडेल नव्हतं. एक उघडी बॅटरी, दात घासायचा जुना ब्रश, व्हॅसलिनची डबी, नट आवळायचे दोन पाने आणि एक दोनशेपानी वही. त्याच्या गावात सौर दिव्यांचे 23 खांब आहेत. कुठल्याशा योजनेतून आले, नारळ फुटला, दोन-तीन वर्षं उजेड पडला आणि मग एकेक करून विझले. या पोराने सगळ्या खांबांना नंबर दिले, प्रत्येकाचं दुखणं वहीत लिहून काढलं आणि त्यातले 9 दिवे लावून दाखवले. खर्च 1,140 रुपये, गणपती मंडळाच्या उरलेल्या वर्गणीतून. कसं केलंस, विचारलं तर म्हणाला, “टर्मिनलला पांढरं धरलं होतं, ते गरम पाणी ओतून ब्रशने काढलं. बॅटऱ्या कोरड्या होत्या, पाणी घातलं. पॅनेलवर पाखरांची घाण होती, पुसली. दोन ठिकाणी नुसती वायर सुटली होती.” हे सगळं तो खाली बघून सांगत होता, आणि बोटांनी व्हॅसलिनच्या डबीचं झाकण उघडत-लावत होता.

मी गुणपत्रिकेकडे पाहिलं. पहिलाच रकाना: नावीन्य, 40 गुण. म्हणून विचारलं, “हे सगळं चांगलंच आहे रे, पण यात तुझं नवीन काय?”

तो जरा थांबला. मग म्हणाला, “नवीन काही नाही मॅडम. बंद होतं, चालू केलं.”

मी त्याला उत्तेजनार्थसुद्धा दिलं नाही.

पहिलं बक्षीस गेलं ‘चालता चालता वीज’ला. पायाखाली फरशी, फरशीखाली दाबाने वीज देणाऱ्या चकत्या, पाय पडला की टिचकीभर लाल दिवा लुकलुकतो. दोन मुली, इंग्रजीत पाठ केलेलं भाषण, पाठीमागे गर्दीच्या रेल्वे स्टेशनचा फोटो. टाळ्या पडल्या. मी घरी येताना एसटीत, सवयीने, हिशेब मांडला. साठ किलोचा माणूस, फरशी पाच मिलिमीटर दबली, तर एका पावलामागे जेमतेम तीन ज्यूल. त्यातला कणही वाया गेला नाही असं धरलं तरी एक युनिट वीज मिळवायला बारा लाख पावलं. म्हणजे आळंदी ते पंढरपूर साडेतीन वेळा पायी जायचं, तेही प्रत्येक पाऊल त्या फरशीवरच टाकत, आणि शेवटी हातात काय, तर सात-आठ रुपयांची वीज. हा हिशेब मला हॉलमध्ये उभी असताना येत नव्हता का? येत होता. तरी मी 40 पैकी 36 दिले. त्या मुलींचा मला राग नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरींनी पायाखालून वीज काढायचं स्वप्न पाहिलं तर पाहावंच. माझं मन अडकलंय ते त्या 36 मध्ये, आणि पिंपाशेजारच्या टेबलावर मी दिलेल्या 11 मध्ये.

नव्याचं वेड मला कळत नाही असं नाही. मी स्वतः त्यात होते. विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत दीड वर्ष मी सौर घटासाठी, म्हणजे उजेडाची वीज करायला, काचेवर कॅडमियम सल्फाइडचे पातळ थर चढवत होते. अमोनियाच्या वासाने डोळे चुरचुरायचे, ओढणीला तो वास धुऊनही राहायचा. चंचुपात्रातलं पाणी आधी नितळ, मग लिंबाच्या सालीसारखं, मग झेंडूसारखं पिवळं होत जायचं आणि काच बाहेर काढली की तिच्यावर उन्हात धरल्यासारखी पिवळी झाक. एका दुपारी तो थर दिव्याखाली धरल्यावर मापकाचा काटा हलला. फार नाही, दोन घरं. पण तो काटा हलताना मी एकटीच तिथे होते आणि जगात हे फक्त मलाच माहीत आहे असं वाटलं होतं. माझ्या त्या घटाची कार्यक्षमता एक टक्काही नव्हती. त्यावर शोधनिबंध झाला, मला पदवी मिळाली, आणि त्या काचा, माझ्या माहितीप्रमाणे, एका लाकडी खोक्यात कापसात गुंडाळून अजून असतील. त्याच वर्षी आमच्या वसतिगृहाच्या गच्चीवरचा पाणी तापवायचा सौर बंब गळका म्हणून बंद पडला होता. वॉशर गेला होता. दीड वर्ष आम्ही गार पाण्याने अंघोळी केल्या. सूर्यावर संशोधन करणाऱ्या आम्ही चौघी होतो तिथे, आणि एकीलाही शिडी लावून वर जावं असं वाटलं नाही.

त्याहून मागे गेले की आठवतो तो माहेरचा गोबरगॅस. कोल्हापूरकडे ज्यांची घरं आहेत त्यांना हे सांगायला नको. गोठ्याच्या मागे गोल विहिरीसारखं बांधकाम, त्यात पालथी तरंगणारी लोखंडी टाकी. गॅस साठला की टाकी वर यायची, वापरला की खाली बसायची. पाहुणे दारात दिसले की आई आधी मागच्या दारी डोकावून टाकी किती वर आहे ते बघायची, आणि त्यावर नुसता चहा की पोहे हे ठरायचं. थंडीत टाकी उठायचीच नाही. शेणातले जंतू गारठतात हे मी पुढे पुस्तकात वाचलं. आई म्हणायची, “त्यास्नीबी थंडी वाजती.” निळी ज्योत, आवाज नाही, भांड्याला काजळी नाही. चुलीपुढे डोळे पुसत बसणाऱ्या आजीने ती ज्योत पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिला हात जोडले होते म्हणतात.

हे तंत्र काही आमच्या लहानपणी जन्माला आलं नव्हतं. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात 1897 साली मैल्यापासून गॅस करून वापरला गेला होता. 1939 मध्ये दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत शेणावरचे प्रयोग झाले, 1951 च्या सुमाराला जशभाई पटेलांनी तरंगत्या टाकीचा नमुना बसवला, खादी ग्रामोद्योग आयोगाने तो उचलला आणि गावोगाव नेला. आपल्याकडे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीमुक्ती, खत आणि गॅस हे तिन्ही एकाच दोरीत ओवले. देहूला डॉक्टर म्हणून आलेल्या मापुसकरांनी पुढची उभी हयात संडासाला जोडलेल्या गॅसप्लांटवर घालवली. या माणसांची गंमत अशी की त्यांच्या कामात ‘शोध’ शोधायला गेलं तर हाती फार लागत नाही. विटा किती, उतार किती, झाकण कुठून गळतं, बायका त्या गॅसवर भाकरी करायला का बिचकतात, हेच सगळं. मापुसकरांना पद्मश्री जाहीर झाली 2017 मध्ये. तोवर ते गेले होते.

आमची टाकी आता उकिरड्याशेजारी आडवी पडली आहे. कोंबड्या तिच्यात अंडी घालतात. लोखंड दर वर्षी खरवडून रंगवावं लागतं, तो रंग एका वर्षी राहिला. मग भोक पडलं. वेल्डिंगवाला गॅसच्या टाकीला हात लावायला घाबरला, दुसरा आला तो पैसे जास्त मागायला लागला, तोपर्यंत दादाने दोन म्हशी विकल्या होत्या. देशभरात असे घरगुती गोबरगॅस पन्नास लाखांच्या आसपास बसवले गेले. हा आकडा मोठा अभिमानाने सांगितला जातो आणि बसवले यात खोटं काही नाही. त्यातल्या किती घरांत आज संध्याकाळी निळी ज्योत पेटली हा आकडा वेगळा.

हे सगळं एकदा मी जरा हळहळून वहिनीला म्हटलं, तर ती भाकरी थापता थापता थांबली. म्हणाली, “वन्सं, तुम्ही सुट्टीला यायचा. रोज दोन पाट्या शेण आणि तेवढंच पाणी हाताने कालवायला कोण होतं? सासूबाई आणि नंतर मी. सिलेंडरला शेण कालवावं लागत नाही.” मी गप्प बसले. आईच्या नखांच्या कडा कायम हिरवट असायच्या ते मला आठवलं, आणि आश्चर्य म्हणजे आठवण म्हणून आठवलं, तेव्हा दिसत असताना दिसलं नव्हतं. ज्या जुन्या, सिद्ध, स्वस्त तंत्राबद्दल मी बोलत होते, ते दोन बायकांच्या हातांवर फुकट चाललं होतं. तो खर्च कुठल्याच तक्त्यात नव्हता.

तेव्हा नवं शोधत बसण्यापेक्षा ‘आहे तेच वाढवा’ म्हणणाऱ्यांच्या मागेही मला डोळे मिटून जाता येत नाही. निर्धूर चुली आठवतात ना? केंद्राचा कार्यक्रम होता, ऐंशीच्या दशकात सुरू झाला, 2002 ला गुंडाळला, तोवर तीन कोटींवर चुली वाटून झाल्या होत्या. आमच्या गल्लीतही आल्या. सिमेंटची, दोन तोंडांची, मागे धुराडं. धुराडं कौलातून बाहेर काढलं की पावसात तिथून पाणी गळायचं, म्हणून काकूने ते काढून परसात भोपळ्याच्या वेलाला आधार दिलं. मोठं लाकूड चुलीत मावेना, म्हणून तोंड कोयत्याने ठोकून रुंद केलं. झाली परत साधी चूल. कागदोपत्री मात्र काकूचं घर निर्धूरच राहिलं. संख्या वाढवणं आणि पसरणं यात फरक आहे. गवत पसरतं, ते मोजत कुणी बसत नाही. चुली मोजल्या गेल्या.

आमचा एक निवृत्त प्राध्यापकांचा ग्रुप आहे फोनवर. सकाळी सुविचार, दुपारी राजकारण, रात्री गुडघेदुखी. 2022 च्या डिसेंबरात त्यात एकदम दिवाळी झाली. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरच्या प्रयोगशाळेत लेसरने हायड्रोजनची गोळी दाबून, सूर्यात होतं तसं अणूंचं मीलन घडवून, जेवढी ऊर्जा गोळीत घातली त्याहून जास्त बाहेर काढली. 2.05 मेगाज्यूल आत, 3.15 बाहेर. “आता प्रश्न सुटला,” एकाने लिहिलं. मीही हात जोडल्याचं चित्र टाकलं, आणि ते मनापासून होतं. साठ-सत्तर वर्षं ज्याच्यामागे माणसं लागली होती ते घडलं होतं. मग नेहमीप्रमाणे कागद घेतला. 3.15 मेगाज्यूल म्हणजे पाऊण युनिटाहून थोडं जास्त. दादाचा पाच अश्वशक्तीचा पंप त्यावर चौदा मिनिटं चालेल. आणि ते लेसर पेटवायला ग्रिडमधून ओढली होती सुमारे 300 मेगाज्यूल, म्हणजे ऐंशीच्या वर युनिट. हे मी ग्रुपवर टाकलं नाही. लोकांच्या दिवाळीत कशाला भिजका फटाका फोडा.

नवं शोधावं की आहे तेच वाढवावं, या वादातली विद्वान मंडळी फार आधीच समोरासमोर आली होती. 2002 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मार्टिन हॉफर्ट या शास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की हवामानबदल रोखायचा तर आजच्या तंत्रांवर निभणार नाही, मुळातून नवं संशोधन हवं. दोनच वर्षांनी, त्याच ‘सायन्स’मध्ये, प्रिन्स्टनच्या पकाला आणि सोकोलो या दोघांनी उलट मांडणी केली. कार्बनचा चढता आलेख आडवा करायला पन्नास वर्षांत सात पाचरी, म्हणजे आलेखाचा एकेक तुकडा कापणारे सात मोठे उपाय, पुरेत, आणि अशा पंधरा पाचरी आपल्या हातात आजच आहेत: पवनचक्क्या, सौर पॅनेल, कमी तेल पिणाऱ्या गाड्या, कमी वीज खाणारी घरं, राखलेली जंगलं. मी हा निबंध वर्गात शिकवायचे. पाचर शब्द फळ्यावर लिहिला की मागच्या बाकावरून हमखास कुणीतरी म्हणायचं, “बाई, आपल्याकडे पाचर मारतात.” सगळे हसायचे. आता वाटतं, ते पोरगं माझ्यापेक्षा जास्त शहाणं होतं. योजना होती, पैसे होते, तंत्र होतं, आणि मध्ये कुणीतरी पाचर मारून ठेवली होती. ती कुणाची, कुठे, कशाची, एवढंच काढत बसायचं काम होतं. त्या कामाला शोधनिबंध मिळत नाही.

आणि तरीसुद्धा नवं आणि जुनं यांची ही वाटणी मला हल्ली पटत नाही. सिलिकॉनचा पहिला कामाचा सौर घट बेल प्रयोगशाळेने 1954 च्या एप्रिलमध्ये दाखवला, सहा टक्क्यांचा. चॅपिन, फुलर, पिअर्सन ही तीन नावं मी तोंडपाठ करून घ्यायचे मुलांकडून. पुढे? 2010 मध्ये आपल्या केंद्रीय वीज नियामक आयोगाने सौर विजेचा दर धरला होता युनिटला 17 रुपये 91 पैसे. 2017 च्या मे महिन्यात राजस्थानात भडल्याला बोली लागली 2 रुपये 44 पैशांची. दोन्हींकडे मूळ चीज तीच, सिलिकॉनचीच चकती. मधल्या सात वर्षांत असा कोणता शोध लागला की जो मी परीक्षेला विचारू शकेन? एकही नाही. कुणीतरी सिलिकॉनचा ठोकळा कापायला हिऱ्याची पूड लावलेली तार आणली, त्यामुळे भुसा कमी पडायला लागला. कुणीतरी चकतीवरची चांदीची रेघ केसाएवढी बारीक केली. कुणी भट्टीतला पट्टा जोरात फिरवला. एकूण पॅनेलची संख्या दुप्पट झाली की किंमत साधारण पाचव्या हिश्श्याने उतरते, असा ठोकताळाच बसला. चीनमधल्या कारखान्यांत रात्रपाळीला उभ्या असलेल्या माणसांची ती नावं कुठल्याच पुस्तकात नाहीत. पण त्यांना कापायला जी चकती मिळाली तिच्या पाठीला पातळ आवरण चढवून विजेची गळती थांबवायची युक्ती ऑस्ट्रेलियात मार्टिन ग्रीन यांच्या प्रयोगशाळेत ऐंशीच्या दशकात निघाली होती, आणि ती कारखान्यात सर्रास यायला जवळजवळ तीस वर्षं गेली. म्हणजे कुणाचातरी काटा दोन घरं हलला होता, त्याचंही चीज झालंच. माझा नाही हलला तेवढा, हे माझं दुःख मी बाजूला ठेवते.

पुण्यात डॉ. आनंद कर्व्यांनी गोबरगॅसचं असंच केलं. शेणाऐवजी गॅसच्या जंतूंना खरकटं, पिठाचा कोंडा, शिळा भात घातला. जंतू खूश, गॅस लवकर, टाकी लहान, गच्चीत मावणारी प्लास्टिकची. 2006 मध्ये त्यांच्या ‘आरती’ संस्थेला त्यासाठी ब्रिटनमधला अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. हे नवीन की जुनं? वहिनीला विचारलं तर ती म्हणेल, कालवायला किती लागतं ते आधी सांगा.

साताऱ्याहून ठोसेघरच्या रस्त्याने वर गेलं की चाळकेवाडीचं पठार लागतं. पवनचक्क्या पहिल्यांदा उभ्या राहिल्या तेव्हा आम्ही सहली नेल्या होत्या. पोरं पात्यांच्या सावल्यांवरून उड्या मारायची. सुं... सुं... सुं... असा आवाज, आणि पायाखाली कातळावर तेरड्याची फुलं. हल्ली जाते तेव्हा मोजायची खोड लागली आहे. दहा फिरतात, दोन उभ्या. त्या सुरुवातीच्या चक्क्या आजच्या मानाने बुटक्या, आणि उभ्या कुठे, तर सगळ्यात चांगल्या वाऱ्याच्या जागी, कारण पहिल्यांदा येणारा उत्तम जागाच धरतो. जुन्या उतरवून त्याच जागी मोठ्या बसवा असं केंद्राचं धोरण 2016 मध्ये आलं. पण एका चक्कीची जमीन एकाची, रस्ता दुसऱ्याचा, तार तिसऱ्याची, वीजखरेदीचा करार चौथ्याबरोबर. वारा मात्र कुणाच्याच नावावर नाही, तो येतोच आहे.

दादाला यातलं काही सांगायला गेलं की तो एकच विचारतो, “दिवसाची लाईट कधी?” एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. रात्री दोनला उठून हातात बॅटरी, पायात गमबूट, उसाच्या सरीत पाणी धरायचं. गेल्या वर्षी त्याचा पाय ज्यावर पडता पडता राहिला ती घोणस होती. शेतीचे फीडरच, म्हणजे पंपांना वीज नेणाऱ्या वाहिन्याच, सौर विजेवर टाकून दिवसा पाणी द्यायचं, या कल्पनेत एका ओळीचाही शोध नाही. पॅनेल जुनी, तार जुनी, पंप जुनाच. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 ची, तिचा दुसरा अवतार 2023 चा. इतकी साधी गोष्ट सुचायला एवढी वर्षं का लागली हे मला कळत नाही, आणि ती प्रत्यक्ष बांधावर यायला का लागतात हे दादाला फार चांगलं कळतं. दादाच्या गावात पॅनेलसाठी गायरान मागितलंय. ज्याची विहीर आहे तो हो म्हणतो. ज्याच्या चार शेळ्या आहेत तो सभेला मागे बसतो आणि काही बोलत नाही. मी जर सभेला असते तर कुणाच्या बाजूने हात वर केला असता, ठाऊक नाही. घोणस मी ऐकली आहे, शेळ्याही पाहिल्या आहेत.

मार्चमध्ये पर्स आवरताना चष्म्याच्या बिलाबरोबर एक घडी पडलेला कागद सापडला. त्या मुलाने वहीतल्या यादीची झेरॉक्स काढून प्रत्येक परीक्षकाला दिली होती. मी ती तेव्हा वाचलीच नव्हती. “1. शाळेसमोर. पाणी घातले. चालू. 2. मारुतीच्या देवळामागे. बॅटरी चोरीला. 3. स्मशानाची वाट. वायर सुटलेली. चालू. 4. पिठाच्या गिरणीजवळ. दिवा फोडलेला (दगड).” असं 23 पर्यंत. अक्षर किरटं, पण प्रत्येक ओळीत खांब कुठे, रोग काय, उपाय काय. स्मशानाच्या वाटेवरचा दिवा त्याने तिसऱ्या नंबरवर का घेतला असेल, हे मी बराच वेळ बघत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारची एसटी पकडून मी त्या गावी गेले. कुणाला कळवलं नव्हतं. मुलाच्या घरी जायचंही नव्हतं. काय बोलणार होते? दिवस मावळायच्या बेताला स्टँडवर उतरले, कागद आणि पेन्सिल हातात धरून निघाले. गुऱ्हाळाचा वास होता हवेत, गोड आणि जरा करपट. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याच्या कडा खचल्या होत्या. शाळेसमोरचा लागला होता. मी खूण केली. मारुतीमागे नुसता खांब, बॅटरीच्या रिकाम्या पेटीत कुणीतरी चपला ठेवल्या होत्या. स्मशानाच्या वाटेवरचा लागला होता, आणि तिथे वर बघताना दिसलं की पॅनेलची काच आसपासच्या सगळ्या धुळीत एकटीच स्वच्छ आहे. गिरणीजवळच्याला नवा दिवा आला होता, यादीत नसलेला. एकोणीसपर्यंत मी चालूच्या सात खुणा केल्या, शिवाय यादीनंतर लागलेले दोन. गावातल्या बायका दारातून बघत होत्या, एकीने विचारलंही, “पंचायतीकडनं आलायसा?” मी नाही म्हणाले, तर तिचा विश्वास बसला नाही.

“19. पाण्याच्या टाकीजवळ. ट्रॉलीचा धक्का, पॅनेल मावळतीकडे फिरले आहे. चालू.” एकोणिसावा खांब जरा कललेला होता आणि दिवा बंद होता. आता बाकी सगळीकडे उजेड पडला होता, टाकीखालचा चिखलसुद्धा चमकत होता. मी कागद खांबावरच टेकवून ‘चालू’वर फुली मारली. शेजारच्या ओट्यावर एक म्हातारी लसूण सोलत बसली होती. तिने सोलायचं थांबवलं नाही, नुसतं म्हणाली, “वाईच थांबा की. त्यो उशिरा लागतुया.”

मी वर पाहिलं. पॅनेलचं तोंड सरळ पश्चिमेला, डोंगरामागे उरलेल्या तांबूस पट्ट्याकडे. या दिव्यांना अंधार पडल्याचं वेगळं कुणी सांगत नाही. पॅनेलवर येणारा उजेड संपला की दिवा लागतो. बाकीच्या बावीस जणांचा दिवस संपला होता, याचा अजून थोडा शिल्लक होता. तीस वर्षं शिकवूनही हे मला यादी वाचताना सुचलं नव्हतं.

म्हातारीने ओट्यावर सरकून जागा केली. मी पर्स मांडीवर घेऊन बसले, आणि खोडरबर आहे का ते शोधायला लागले.